बावीस प्रश्न आणि मामी

२१ मार्च २०२४ ची सकाळ. वेळ सहाच्या सुमाराची. मी फर्स्ट इयरला होते आणि नांदेडच्या आमच्या होस्टेलवर गाढ झोपेत होते. अचानक कॉट हलली, खिडकीची तावदानं खडखडली आणि रूममेट ओरडली, "अगं उठ, भूकंप!" आम्ही सगळ्या नाइट ड्रेसवर, पायात चपला नसताना ग्राउंडवर जमलो. दहा मिनिटांत भीती पळाली आणि मोबाइल बाहेर आले. सेल्फी झाले, स्टेटस झाले, आज लेक्चर ऑफ मिळेल का यावर गंभीर चर्चाही झाली. केंद्रबिंदू शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. आमच्या लेखी विषय संपला.

तेवढ्यात लातूरहून आईचा फोन आला. मला वाटलं, माझी काळजी म्हणून केला असेल. काळजी होतीच, पण आवाज वेगळा होता. "आजीनं टीव्हीवर बातमी बघितली. सकाळपासून अंगणात बसलीय. मामाला पण बाहेर काढलंय. दोघं घरात यायला तयार नाहीत."

माझी आजी किल्लारीजवळच्या एका गावात राहते. त्या दिवशी तिच्या गावात पेला सुद्धा हलला नव्हता. तरी ती संध्याकाळपर्यंत बाहेर बसून राहिली. मामी भाकरीचं ताट अंगणातच घेऊन गेली.

मित्र-मैत्रिणींनो, मी सिव्हिलची विद्यार्थिनी. किल्लारीचा भूकंप आम्हाला अभ्यासाला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली, सुमारे १०,००० माणसं गेली. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशात झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता! २००२ साली आय.एस. १८९३ सुधारला तेव्हा झोन एक रद्दच झाला आणि हा भाग झोन तीनमध्ये गेला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जडच्या जड माळवद. भिंतीचे दोन थर, पण त्या दोघांना आरपार धरून ठेवणारा दगड, ज्याला आम्ही थ्रू स्टोन म्हणतो, तो नाही. धक्का बसला की थर एकमेकांपासून सुटतात आणि माळवद खाली येतं. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो आणि मी तो आकृतीसह लिहिते. पूर्ण मार्क.

त्याच माळवदाखाली माझे आजोबा गेले. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. मामा बारा वर्षांचा होता, त्याला चार तासांनी बाहेर काढलं. हे मात्र माझ्या उत्तरपत्रिकेत कधी आलं नाही.

आणि मामा...? मामाबद्दल तर मी कुठेच काही लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर एकदाच लिहिलं होतं, तेही खोटं.

मी कॉन्व्हेंटची. पाचवीत असताना आम्हाला 'माय अंकल' असा निबंध आला होता. मी लिहिलं, माझा मामा पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, तो मला सुट्टीत कॅडबरी आणतो. टीचरला निबंध इतका आवडला की त्यांनी तो बोर्डावर लावला. पालक सभेला आई आली, बोर्डासमोर उभी राहिली, पूर्ण वाचला. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. आई काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून मला कळलं की मामाबद्दल खोटं बोललं तरी चालतं.

मामा बावीस वर्षांचा असताना आजारी पडला. झोप नाही, कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं वाटणं, रात्री-अपरात्री उठून शेतात जाणं. आधी देवऋषी झाले, मग उतारे झाले, नवस झाले. दोन वर्षांनी डॉक्टर झाले. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. पण आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. "भूकंपाचा धसका घेतलाय त्यानं," एवढंच सगळे म्हणतात. भूकंप सगळ्या गावाला झाला होता ना, त्यामुळे त्या नावाखाली लाज वाटत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझी ताई. ताई म्हणजे मावशीची मुलगी, नांदेडची. ती नर्स आहे आणि एम.एस्सी. नर्सिंग करताना तिनं मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय घेतला. तेव्हा मावशीसुद्धा म्हणाली होती, "चांगलं सर्जरीचं काहीतरी घे, हे येड्यांचं कशाला?" ताईच्या प्रबंधाचा विषय होता, मानसिक रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या माणसांवर येणारा भार.

मला आधी कळेचना. संशोधन करायचं तर पेशंटवर करायचं. घरच्यांवर कसलं संशोधन? ताई म्हणाली, "हे बघ, आपल्या राज्यात जुनी मोठी मनोरुग्णालयं चार. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. नांदेडहून नागपूर काय, लातूरहून पुणे काय, तीनशे किलोमीटरच्या वरच. मग इथले पेशंट असतात कुठे? घरात. वॉर्ड म्हणजे माजघर आणि नाइट ड्यूटीला आई नाहीतर बायको. त्या नाइट ड्यूटीवाल्या बाईला कुणी विचारलंय का, तू झोपतेस कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ताईकडे एक प्रश्नावली होती. अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ती पहिल्यांदा बनवली, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांसाठी. नंतर ती जगभर, वेगवेगळ्या आजारांसाठी वापरली गेली. आता तिच्यात बावीस प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत. एकूण ८८. जितके मार्क जास्त तितका माणूस जास्त दमलेला. जगातली ही एकच परीक्षा असेल जिच्यात पहिला नंबर येऊ नये!

इंग्रजी प्रश्न आधी मराठीत करायचे, मग दुसऱ्या कुणीतरी मूळ न बघता ते मराठीतून परत इंग्रजीत आणायचे आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायचे, अशी पद्धत असते. हे परत आणायचं काम ताईनं माझ्याकडे दिलं. "तुझं इंग्रजी फाडफाड आहे आणि मराठी कच्चं आहे, तूच बरी," असं प्रशस्तिपत्रकही दिलं. मी दोन दिवसांत काम उरकलं. सगळं जुळलं. मी खूश, ताई खूश.

मग मे महिन्याच्या सुट्टीत ताई म्हणाली, "भाषा लोकांना कळते का, ते आजीकडे बघून येऊ. आपलं घर अभ्यासात धरता येणार नाही, ते नियमात बसत नाही. पण शब्द तरी तपासू." मी नांदेडहून एस.टी.नं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी औशावरून आजीच्या गावाला गेलो.

आजीचं गाव म्हणजे पुनर्वसन झालेलं नवं गाव. पूर्वी मला ते फार आवडायचं. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, एका रांगेत एकसारखी घरं. एखाद्या ड्रॉइंग शीटवरून उचलून ठेवल्यासारखं! जमिनीप्रमाणे घरं दिलेली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. ताईनं मात्र मला वेगळंच विचारलं. "जुन्या गावात आजीच्या भिंतीला कुणाची भिंत होती?" मी आजीला विचारलं. आजीनं बोटं मोडत सहा नावं सांगितली. रात्री कुणाच्या घरात लेकरू खोकललं तरी शेजारी कळायचं. आता त्यातली दोन घरं गावाच्या पार त्या टोकाला, एक पुण्याला, बाकीच्यांतलं कुणी उरलेलं नाही. मजबूत घर मिळालं, पण हाकेच्या अंतरावरचं माणूस लांब गेलं. हे कुठल्याही एस्टिमेटमध्ये धरलेलं नसतं.

आम्ही ओसरीत बसलो. ताईनं संमतीपत्र काढलं. आजी म्हणाली, "अंगठा कशाला? पुन्यांदा अनुदान आलंय का?" भूकंपानंतर इतके अंगठे दिले होते तिनं! ताईनं समजावलं. मग पहिला प्रश्न. आम्ही फार विचार करून शब्द निवडला होता, 'ताण'. "आजी, मामाला सांभाळताना तुला ताण येतो का?"

"ताण? यंदा लई हाय की. बोअरला पाणी न्हाई, उसाला ताण बसलाय."

मी हसू दाबलं. ताईनं शांतपणे वहीत लिहिलं. पुढे शब्द आला 'ओझं'. आजी एकदम ताठ झाली. "पोटच्या लेकराचं कुणी ओझं म्हणतंय व्हय? काय इचारायलीस माय तू!" आणि डोळ्याला पदर लावला. माझं फाडफाड इंग्रजी तिथेच संपलं. कागदावर दोन्ही इंग्रजी तंतोतंत जुळत होती, पण प्रश्न मात्र आजीपर्यंत पोचलाच नव्हता.

मग ताईनं कागद बाजूला ठेवला आणि साधंच विचारलं, "आजी, जिवाला घोर लागतो का गं?" तेव्हा आजी बोलायला लागली. "लागतो की. म्या गेल्यावर ह्येचं कोन बघंल..." पुढे ती अर्धा तास बोलत होती. वहीत 'ताण' खोडून 'घोर' आणि 'टेन्शन' आलं. (टेन्शन मात्र सगळ्यांना कळतं, म्हणजे माझं इंग्रजी अगदीच वाया गेलं नाही!)

नंतर मामी. मामी चुलीपुढून उठून आली, पदर सावरून आजीच्या बाजूला बसली. बावीस प्रश्न झाले. एकोणीस प्रश्नांना उत्तर, "न्हाई बा, तसलं काय न्हाई." मार्कांची बेरीज इतकी कमी आली की मी म्हटलं, "ताई, मामीला तर काहीच त्रास नाही!" ताईनं माझ्याकडे फक्त बघितलं.

संध्याकाळी मामी शेळ्यांना चारा टाकायला मागच्या अंगणात गेली. ताई तिच्याबरोबर गेली, मी पण गेले. कागद नाही, पेन नाही. ताईनं सहज विचारलं, "मामी, माहेरी राहायला कधी गेला होतात?"

मामी हिशोब करायला लागली. "पोरगी पहिलीला जायच्या आधी. नऊ वर्सं झाली बघ."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री मामा उठून बाहेर जातो, म्हणून ती दाराच्या कडीवर पितळी तांब्या ठेवते. दार उघडलं की तांब्या पडतो आणि तिला जाग येते. सलग झोप कधी लागली ते तिला आठवत नाही. फवारणीचं औषध ती घरात ठेवत नाही, दुसऱ्याच्या शेडात कुलपात ठेवते. गोळ्या ती भाकरीबरोबर स्वतः देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. लातूरला औषधाला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि वर दोघांचं एस.टी.भाडं. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. आपण जसं टाइमटेबल सांगतो, तसं सांगत होती.

मग ती जे बोलली, ते मी आयुष्यात विसरणार नाही. लग्न झालं तेव्हा तिला मामाच्या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. "लग्न लावून दिलं की होतंय नीट," असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांनी म्हणजे आमच्याच माणसांनी. लग्नानंतर आठव्या दिवशी तिला पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली, गोळ्यांची पाकिटं सापडली.

"मला आधी सांगितलं असतं तर मी व्हय म्हनले असते का न्हाई, ते मलाबी ठाव न्हाई," मामी म्हणाली. "तुझा मामा वाईट न्हाई. मला कधी वाकडा शब्द बोलला न्हाई. पण मला कुणी इचारलं तर असतं."

मला एकदम बोर्डावर लावलेला तो निबंध आठवला. मी पाचवीत जे केलं तेच घरच्या मोठ्यांनी माझ्या आधी केलं होतं. फरक एवढाच की माझ्या खोट्याला टीचरनी शाबासकी दिली आणि त्यांच्या खोट्याची किंमत मामी अजून चुकवते आहे.

परतताना एस.टी.त मी ताईला म्हटलं, "म्हणजे मामीचा आजचा कागद खोटा?" ताई म्हणाली, "कागद खोटा नाही, मोजायची जागा चुकली. सासूसमोर सुनेला असं विचारायचं नसतं. एकटीला विचारायचं, तिच्या वेळेला, तिच्या शब्दांत." आम्ही लॅबमध्ये आधी इन्स्ट्रुमेंटचा झीरो एरर बघतो, तसंच हे. फक्त इथे इन्स्ट्रुमेंट म्हणजे विचारणारा माणूस! हिल्डगार्ड पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन नर्सनं १९५२ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. ताईच्या मते ते नातं पेशंटच्या खाटेपाशी थांबत नाही, चुलीपर्यंत जातं.

मग मी ताईकडून वाचायला मागितलं आणि मला आश्चर्याचे धक्केच बसले. किल्लारीच्या माणसांच्या मनाचा अभ्यास झालेला आहे! भूकंपातून वाचलेल्या ४२ जणांना तपासून लिहिलेला एक छोटा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यांतल्या ५९ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना म्हणून आपल्याला माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे हे मुळात मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीनं भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास केला. सिव्हिलच्या पुस्तकात आम्हाला भिंती शिकवतात, पण हे एक पानही कुणी दाखवलं नव्हतं.

आणि एक गोष्ट ताईनं मला ठासून सांगितली. "सगळं भूकंपावर ढकलू नकोस. धसका वेगळा, मामाचा आजार वेगळा. जिथे भूकंप झाला नाही तिथेही हा आजार असतो." बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (त्यात महाराष्ट्र नव्हता.) दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक विकार आढळला. विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आणि घरच्यांचा औषध आणि प्रवासाचा खर्च महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये. मामीचा एस.टी.चा हिशोब राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे, हे वाचून मला विचित्र समाधान वाटलं.

घरच्यांना बरोबर घ्यायची कल्पना आपल्या देशात नवी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावलं. घरच्यांना आजार समजला, तर माणूस घरी परत जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि गावातल्या बायका हे काम करू शकतात का? तर आपल्याच भागात बघा. भूकंपानंतर 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' केलं आणि त्यांनी घरदुरुस्तीचं काम लोकांना समजावून सांगितलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' बनवलं. विदर्भात अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, ऐकून घ्यायचं आणि गरज असेल त्याला पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. आपल्या सरकारनंही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात घरोघर विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दुष्काळात माणसांच्या मनाचं काय झालं असेल, याचा विचार आम्ही मुलांनी तरी कधी केला नव्हता. आम्ही पाण्याच्या गाडीबरोबर फोटो काढायला हट्ट धरला होता.

असो. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं वाचून पुढे काय केलंस?

फार काही नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी पण होते त्या लग्नात. मला पण माहीत होतं." एवढंच बोलून स्वयंपाकघरात गेली. मी पहिल्यांदा आईचा राग धरला आणि पहिल्यांदाच मला तिची दयाही आली. पंधराव्या वर्षी जिचे वडील गेले, जिचा एकुलता एक भाऊ असा आजारी, तिला तरी कुणी विचारलं होतं?

त्या वर्षी पंचमीला आईनं स्वतः मामीला फोन केला. "तू माहेरी जा. मी येते इकडे आठ दिवस." मामीला खरंच वाटेना. दोनदा विचारलं, "नक्की ना वन्सं?" जाताना तिनं आईला गोळ्यांची वेळ, तांब्याची जागा, कुलपाची किल्ली, सगळं लिहून दिलं. मी शनिवार-रविवार गेले. पहिल्या रात्री तांब्या दोनदा पडला. आई आणि मी दोघी दोनदा उठलो. मामा अंगणात उभा राहून आभाळाकडे बघत होता. मी विचारलं, "काय बघतोस मामा?" तो म्हणाला, "काय न्हाई. छत नसलं की बरं वाटतंय." मी त्याच्या शेजारी सतरंजी टाकून बसले. एवढ्या वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदाच पाच मिनिटं सलग बोलले. त्याला लातूरच्या स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत! सोमवारी माझं लेक्चर होतं आणि दोन रात्रींत मी इतकी दमले की नांदेडपर्यंत एस.टी.त झोपून आले. मामी हे अठरा वर्षं करतेय.

मामी आठ दिवसांनी परत आली. आजार आहे तसाच आहे, खर्च आहे तसाच आहे. पण आता वर्षातून दोनदा आई जाणार हे ठरलंय. मामीची मुलगी आता दहावीला आहे. तिची सोयरीक निघेल तेव्हा मामाबद्दल सांगायचं की लपवायचं, यावर घरात आतापासूनच कुजबुज सुरू असते. मामी म्हणते, "मी सांगनार हाय. पुढचं पुढं." आजीला ते पटत नाही. आई मात्र या वेळी मामीच्या बाजूनं आहे. मी तर आहेच.

मित्रांनो, भिंतीतला थ्रू स्टोन बाहेरून दिसत नाही. तो असतो तोपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. आपण इंजिनिअर लोक लोड मोजल्याशिवाय डिझाइन करत नाही. मग घरात सगळ्यात जास्त लोड कुणावर आहे, हे एकदा तरी विचारून बघायला काय हरकत आहे? बावीस प्रश्न नकोत, एक पुरे. पण एकटीला विचारा आणि तिच्या शब्दांत विचारा. स्वतःला किंवा घरच्या कुणाला गरज वाटली तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. होस्टेलच्या मुलामुलींनी तर तो लिहूनच ठेवावा. परीक्षेच्या दिवसांत आपल्यालाही घोर लागतोच की!

हा लेख द्यायच्या आधी मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. ताईनं सांगितलं होतं, ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची संमती घ्यायची. आई म्हणाली, "नावं नको घालू, बाकी लिही." मामी नुसतीच हसली आणि म्हणाली, "लिव्ह." आजीनं अंगठा दिला नाही, पण नकोही म्हणाली नाही.

मामाला फोनवर विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिही. पण पुण्याला हाय म्हनून लिहू नको."